गजकर्णाचं गाऱ्हाणं

चहाचा घोट आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर झालं काय, मला झाला गजकर्ण. कुठे म्हणून काय विचारता? जांघेत! आता आचऱ्यासारख्या गावात मी शाळामास्तर, हे सांगू कुणाला? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी बायकोकडे शक्तीच्या म्हणून खपवल्या.

खाज कमी झाली, पण दोन्ही पायांवर लालजांभळे ठिपके उठले. बोटाने दाबले तरी जाईनात! पुन्हा डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "गोळीची रिअ‍ॅक्शन आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात. गोळी आजपासून बंद. घाबरू नका, उतरेल."

घरी आलो तर बायको दारातच. "काय म्हणाले ओ डाक्टर?"

गोळी सांगितली की गजकर्ण आला, आणि गजकर्ण आला की जांघ आली! मी नुसतं म्हटलं, "रक्तवाहिन्यांक सूज इली."

इथेच माती खाल्ली!

शेजारचे दाजीकाका कुंपणापलीकडून ओरडले, "अरे बापरे! काळजाच्यो शिरो!"

"काळजाच्यो नाय ओ काका, पायाच्यो!"

"पायातसूनच सुरू जाता, मगे वर चढता!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तरांचं काळीज बंद पडतंय. कुणी शहाळी आणून टाकली. मेहुणा मला गोव्याच्या हॉस्पिटलात न्यायला देवगडहून गाडी घेऊन निघाला. बायकोने तर रडून रडून डोळे सुजवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडेल तर शपथ!

शेवटी मला देवळात नेऊन उभं केलं. गावचे मानकरी आबा हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले, "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराच्या काळजाच्यो शिरो मोकळ्यो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला.

"ह्येचा काळीज फाडूची पाळी येव नको रे म्हाराजा!"

फाडूची? माझा धीरच सुटला. "काळीज नाय ओ आबा!" मी किंचाळलो. "गजकर्णाची गोळी बाधली! जांघेत गजकर्ण झालो हा माका!"

सगळा गाव माझ्याकडे वळला. बायकोने पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय, कळेना. आबा मात्र मुरलेला माणूस! घसा खाकरून म्हणाले, "तर म्हाराजा, काळीज ऱ्हवांदे. ह्येच्या जांघेत जो काय गजकर्ण इलो आसात, तो खंयच्या खंय धाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? सवयीने, माझाच!