प्रेमलाबाईंचा ग्लास

भालचंद्र मास्तर कॅनडाहून परत आले तेव्हा त्यांच्या बॅगेत चॉकलेटं नव्हती की सुनेनं दिलेल्या भेटवस्तू नव्हत्या. होत्या पाण्याच्या दोन बाटल्या, स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या. आमच्या वरवट बकाल गावाला हे कळायला अर्धा दिवस लागला. मी शेजारीण, त्यातून अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली, मला तासाभरातच कळलं.

आमच्या भागातलं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. आता घरोघरी कॅनचं पाणी येतं, पण निम्मी हयात बोअरचं पिण्यातच गेली. मास्तरांच्या बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी चार कारणं सांगितली, गावानं एकच धरलं. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस, आणि दिवसभरात पाणी मोजून चार ग्लास. मास्तर गणिताचे, मापात कशाला चुकतील. शेवटच्या दुपारी बाईंनी अर्धा ग्लास जास्तीचा मागितला. मास्तर म्हणाले, "उद्या देतो." मी तिथंच बसले होते. बाईंनी एकदा माझ्याकडेही पाहिलं, मी पदर सारखा करत राहिले. दिवेलागणीला त्या गेल्या.

पुढे धवल, त्यांचा मुलगा, त्यांना टोरांटोजवळ आपल्या घरी घेऊन गेला. तिथून मास्तरांचे फोन सुरू झाले. त्यांनी एक वही केली होती, एका पानावर 'इकडे' म्हणजे कॅनडा, समोरच्या पानावर 'तिकडे' म्हणजे आपलं गाव, आणि रोज मला वाचून दाखवायचे.

"सिंधूताई, इथं म्हातारं मानूस दिसलं की बस खाली वाकते. खरंच वाकते."

"आन् आपली येस्टी?"

"आपली येस्टी थांबली तरी उपकार."

मला राग यायचा. दवाखान्यात कुणी खेकसत नाही, रस्त्यावर धूळ नाही, वीज जात नाही. सगळं खरं असेल, पण बोअरचं पाणी पीत असलं ऐकायला कुणाला आवडतं? मी एकदा म्हटलंसुद्धा, "मंग राहा ना तिकडंच." 

मग एक दिवस मास्तरांच्या सुनेचा, अनुपमाचा, फोन आला. मावशी, बाबा नळाचं पाणी घेतात, त्यात चिमूटभर मीठ टाकतात आणि मग पितात, हे काय आहे? मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनाच विचारलं.

"गोडं पानी घशाखाली उतरत नाही," ते म्हणाले. "नळ सोडला की ती मागते. चोवीस घंटे पानी हाय इथं, सिंधूताई. लोक त्यानं गाड्या धुतात. अन् मी तिले अर्धा गिलास दिला नाही."

वहीतलं 'तिकडे'चं पान त्यांनी त्यानंतर वाचून दाखवलं नाही.

माघात वर्षश्राद्धासाठी ते आले. पंधरा दिवसांनी परत जायचं, कायमचंच, असं ठरलेलं. श्राद्धाच्या दिवशी त्यांनी फोटोसमोर बाईंचा स्टीलचा ग्लास ठेवला आणि कॅनडाहून आणलेल्या बाटलीतलं पाणी काठोकाठ ओतलं. लोक जेवून गेले. मास्तर श्राद्धाच्या गुरुजींना स्टँडवर सोडायला गेले होते. मी माझं पातेलं न्यायला आले. घरात कुणी नव्हतं. हवेत गारवा होता, नुकताच चहा झाला होता, तहानेचा प्रश्नच नव्हता. तरी हात ग्लासाकडे गेला. अर्धा ग्लास प्यायल्यावर भानावर आले आणि घाबरले. ग्लास होता तिथं ठेवला.

तेवढ्यात मास्तर आले. ग्लासाकडे पाहिलं आणि जमिनीवरच बसले.

"प्यायली," म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा रडले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वाटलं, रडू देत, मोकळे होतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धवलला तिकीट रद्द करायला सांगितलं. ती इथं तहानलेली असताना मी तिकडं कसा राहू, म्हणाले. बाटल्या संपल्या तेव्हा ग्लासात कॅनचं पाणी आलं. ते पाणी फक्त बाईंचं. स्वतः बोअरचं पितात. नंतर ग्लासातलं पाणी कधी कमी झालं नाही, तरी रोज सकाळी नवा भरतात. आता त्यांच्या पायांना सूज दिसते. बाईंचीही सुरुवात पायांपासूनच झाली होती. धवल मला फोन करतो, मावशी, तुम्ही तरी समजवा.

आज सकाळी गेले. मास्तर ग्लास विसळत होते. उभ्या उभ्याच सांगितलं.

"मास्तर, त्या दिवशी ते पानी मी प्यायले. प्रेमलाबाईनं नाही. तुम्ही आपले जा धवलकडे."

त्यांनी ग्लास भरला, फोटोसमोर ठेवला, हात पुसले. रागावले नाहीत. वर्गात एखादं गणित चुकलं की विचारायचे तसंच विचारलं,

"तुम्हाले तहान लागली होती काय तवा?"

"नाही."

"मंग कोनाले लागली होती?"

मी घरी आले. तेव्हापासून माझ्या घशाला कोरड आहे, आणि पाण्याला हात लावायची भीती वाटते.