दोन बोटांची फट

आमचा काका पूल तपासतो. म्हणजे वर्षातून दोनदा पुलाखाली शिरतो, हातोडीनं टकटक करून कान देतो आणि वर येऊन पत्र लिहितो. पत्र साहेबांकडे जातं. साहेब त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारतात. आजवर साहेबांनी पुष्कळ पाहिलंय.

यंदा प्रकरण फटीचं होतं. पूल संपून रस्ता सुरू होतो तिथं दोन बोटांची फट होती, मुद्दाम ठेवलेली. साहेबांच्या गाडीला तिथं रोज दणका बसायचा. एकदा हातातला चहा शर्टावर सांडला आणि दुसऱ्याच दिवशी फटीत सिमेंट गेलं, वर डांबर. कसं गुळगुळीत!

काकाचं जेवणावरचं लक्ष उडालं.

“अगं, उन्हाळा तोंडावर आलाय. तापला की पूल लांबतो. जागा नाही मिळाली तर टोकाची भिंत फोडेल तो!”

त्यानं सात पत्रं लिहिली. सातही ‘पाहिले’. भिंतीला केसाएवढी चीर गेली, तीही पाहिली.

“अहो, त्यांना कळतच नसेल,” काकू म्हणाली.

“इंजिनियर आहेत ते!”

“म्हणूनच म्हणते.”

मी शाळेत चौथीला शिकवते. मुलांना पूल समजावून सांग म्हणून मीच काकाला वर्गात ओढून आणलं. तो नकाशांच्या सुरळ्या घेऊन आला आणि पाच मिनिटांत मागचा बाक पेंगायला लागला. मी डोळे वटारले. त्यानं नकाशा गुंडाळला.

“उठा सगळे! हे कपाट आणि ती भिंत, हे नदीचे दोन काठ. मध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहा. तुम्ही पूल!”

कपाटापासून भिंतीपर्यंत रांग गच्च भरली.

“आता ऊन चढलं. हात कमरेवर! कोपरं बाहेर!”

“ए, सरक ना!”

“कुठं सरकू, तुझ्या डोक्यावर?”

“काका, मी चेपले!” भिंतीकडून किंकाळी आली. ती साहेबांची लेक होती. इकडे कपाट डुगडुगलं आणि खडूचा डबा खाली आला.

“आता काय हवं?”

“जागाऽऽ!”

काकानं एकाला रांगेतून बाहेर काढलं. सगळ्यांनी हुश्श केलं.

“पण आमच्या बाबांनी तर पुलाची जागा बुजवली,” साहेबांची लेक म्हणाली.

काकानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“हो बाळा. चहा सांडत होता ना.”

दुसऱ्या दिवशी ती धावतच वर्गात आली. “बाई, आम्ही घरी पूल केला! मी, आई, आजी, मामा आणि भिंतीला बाबा. मामा जाड आहे. कोपरं बाहेर काढली तर बाबा ओरडलेच!”

“काय ओरडले?”

“‘अरे, जागा द्या!’”

चार दिवसांत फट मोकळी झाली, रबराची पट्टीही बसली. आणि झालं काय, तर त्या फटीचं उद्घाटन! फीत फटीवरूनच बांधली. “ही फट फार दिवसांपासून माझ्या मनात होती,” साहेब म्हणाले. मग गाडी फटीवरून गेली. दण्‌! चहा सांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं काकाला नोटीस आली: ‘सदर बाब वेळीच निदर्शनास का आणली नाही, याचा खुलासा करावा.’

काका सात पत्रांच्या प्रती जोडायला बसला. काकूनं त्या काढून घेतल्या. “पुन्हा कागद? काही शिकलात की नाही त्या पोरांकडून?”

मग त्यानं एकच ओळ लिहिली: ‘कोपरे बाहेर काढण्यास विलंब झाला, क्षमस्व.’

शेरा आला: ‘पाहिले.’

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, काका मला पुलावर घेऊन गेला. वाकून त्यानं फटीत बोट घातलं. आधी दोन जायची, आता जेमतेम एक गेलं. पूल लांबला होता. भिंतीची चीर मात्र होती तेवढीच होती. काकाचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

“हे कळवणार साहेबांना?” मी विचारलं.

“नको गं,” काका गुडघे झटकत उठला. “पाहतील.”