आई, एक नग

माझी आई चार वर्षं आमच्या कंपनीत होती आणि गेटवरच्या रजिस्टरला तिची नोंद नव्हती. गुन्हा माझा. ती होती डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर, स्क्रीनच्या मागच्या चित्रात. पण आत आलेली कुठलीही गोष्ट नोंदीशिवाय आत असूच शकत नाही, हे मला पुढे फार नीट समजावून सांगण्यात आलं.

आमची कंपनी निघोज्याच्या बाजूला, गाड्यांच्या दारांच्या रबरपट्ट्या बनवणारी. कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल चढला याचे कागद बघणं हे माझं काम. माझं टेबल जिथे आहे तिथे आधी आमचं वावर होतं, आणि टेबलाखाली, अंदाजे, आमची विहीर. हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की माणसं लगेच गुंठ्याचा भाव विचारतात.

फोटो मीच काढलेला. आई गोठ्यासमोर उभी होती. एरवी कॅमेरा दिसला की ती तहसील कचेरीत उभी केल्यासारखा चेहरा करते. त्या दिवशी नेमकं म्हशीनं मागून तिचा पदर तोंडात धरून ओढला, आणि आई तोंड उघडून, मान मागे टाकून हसली. आयुष्यात तिचा असा एकच फोटो निघाला. मी तो दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॉम्प्युटरवर लावला. तेव्हा मोबाईल वायरनं जोडता यायचा आणि कोणी काही म्हणायचं नाही.

त्या कॉम्प्युटरवर तिन्ही शिफ्टची माणसं काम करतात. फायली पसरत गेल्या आणि आईच्या अंगाखांद्यावर बसल्या. हसू तेवढं मी मोकळं ठेवलं होतं. हळूहळू कोणी फायलीचं नाव घेईना. सेकंड शिफ्टवाल्याचा फोन यायचा, "भावा, आजची चलनं कुठंयत?" मी म्हणायचो, "आईच्या कपाळावर." ट्रकांचं वेळापत्रक कुंकवाच्या खाली, पॅकिंग लिस्ट डाव्या खांद्यावर, आणि नापास मालाची फाईल उजव्या गालावर.

हे मी कौतुकानं आईला सांगितलं आणि पस्तावलो.

"नापास माल? माझ्या गालावर?" तिनं भाकरी थापायची थांबवली. "हालव तो. उद्याच्या उद्या हालव."

"कुठे ठेवू मग?"

"म्हशीवर टाक. तिनंच पदर वढला न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून नापास माल म्हशीच्या पोटावर गेला. संध्याकाळी घरी आलो की आई चहाआधी विचारायची, "म्हशीवर आज किती?"

मध्ये एकदा पुण्याच्या हेड ऑफिसातल्या कोणीतरी तिथूनच बटणं दाबून आईला काढलं आणि कंपनीचं गुणवत्ता धोरण लावलं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. फायली आपोआप डावीकडे एका रांगेत उभ्या राहिल्या, नावांसकट, अगदी शिस्तीत, आणि कोणालाच काही सापडेना. सेकंड शिफ्टला ट्रक तीन तास उभा राहिला आणि शेवटी उजव्या दाराच्या पट्ट्यांच्या जागी डाव्या दाराच्या गेल्या. मोठे साहेब तणतणत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी जुनं चित्र परत लावायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्या कंपनीत आहेत?"

"नाही सर. माझी आई आहे."

"असायला हव्या होत्या," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर आई अधिकृत झाली. कामाच्या सूचनांचा छापील कागद भिंतीवर लागला, त्यात सही-शिक्क्यासह लिहिलेलं: नापास मालाची फाईल, म्हशीचे पोट. पुढच्या ऑडिटला आलेल्या माणसानं तो कागद दोनदा वाचला, कॉम्प्युटर पाहिला, आणि शेरा दिला की माहिती मांडण्याची पद्धत उत्तम आहे.

खरी आई मात्र गेटच्या आत कधी आली नव्हती. एकदा मी डबा विसरलो म्हणून ती चालत आली होती. गेटवरचा सिक्युरिटीवाला परभणीकडचा, मिशा पांढऱ्या, माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. त्यानं पास मागितला.

"आतला मानूस माझा ल्योक हाय," आई म्हणाली, "आन आतली जमीन माझी व्हती."

"ते असंल आई. पण बगा, पास लागतंय."

मी बाहेर येऊन रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून जेवलो. आई गेटच्या गजांतून आत बघत होती. "आपल्या हिरीवर काय बांधलंय रं?" मी म्हणालो, माझं टेबल. ती समाधानानं घरी गेली. मी उरलेला डबा झाकून आत गेलो.

गेल्या पावसाळ्यात आईला दम लागायला लागला. चिंचवडच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणून सांगितलं आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली. आई सगळ्याला हो म्हणाली. घरी आल्यावर भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझ्या बापाकडं बघ."

भिंतीवर वडिलांचा फोटो आहे. ते गेले तेव्हा घरात एकही धड फोटो नव्हता, म्हणून मतदान ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या भिंतीवर ओळखपत्रावरचेच म्हातारे आहेत. वडील आयुष्यभर थट्टामस्करी करणारे, आणि भिंतीवर अकरा वर्षं चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखे.

"मला असला फोटू न्हाई पायजे," आई म्हणाली. "मला तो म्हशीसंगचा पायजे. फ्रेम करून आन, मी बघती, मग ट्रंकंत ठिव. तवर मी हास्पिटलात यायची न्हाई."

"अगं, तुला काही होणार नाहीये."

"मंग आन की. भ्यायचं काय त्यात?"

मी नवे फोटो काढून पाहिले. वीस काढले. विसांतही तहसील कचेरी, आणि आता चेहराही सुजलेला. आईनं एकेक बघून मोबाईल परत दिला. "ही आजारी बाई हाय. मला हसनारी पायजे."

हसणारी माझ्याकडे नव्हती. ज्या मोबाईलमध्ये होती तो त्याच म्हशीनं मुसंडी मारून पाण्याच्या हौदात घातला होता. जगात तो फोटो एकाच ठिकाणी उरला होता, आणि तिथून काहीच बाहेर निघत नाही अशी व्यवस्था आता झाली होती. पेन ड्राइव्ह चालत नाही. मेलमधून चित्र जात नाही, कारण चित्र म्हणजे डिझाईनची चोरी. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर गेटवरच लाल स्टिकर लागतं. बुधवार सहा दिवसांवर आणि घरात आई मांडी ठोकून बसलेली.

मी आधी अक्कल चालवली. आमच्याकडे खोक्यांवर लावायची लेबलं छापणारा प्रिंटर आहे. मी आईचे सोळा तुकडे केले, सोळा लेबलांवर छापले आणि घरी नेऊन पुठ्ठ्यावर चिकटवले. ते यंत्र फक्त काळं छापतं. आई करपलेल्या भाकरीसारखी आली होती आणि प्रत्येक तुकड्याखाली हिरव्या अक्षरांत आधीच छापलेलं होतं: तपासणी पूर्ण.

"ही कोन?" आईनं विचारलं. म्हैस बरी आली आहे, असंही म्हणाली.

मग मोठ्या साहेबांपुढे गेलो. ते म्हणाले, काय माणूस आहेस, आधी यायचं नाही का. त्यांनी हेड ऑफिसला फोन केला, कंपनीचाच एक पेन ड्राइव्ह मिळाला, फोटो त्यात उतरला. वाटलं, सुटलो. पण कंपनीची वस्तू बाहेर न्यायची तर स्टोअरचा गेट पास लागतो, आणि आमचे स्टोअरवाले म्हणजे स्वतःचा चष्माही नोंद करून घरी नेणारा माणूस.

"आत काय आहे?"

"फोटो. आईचा."

त्यांनी मालाच्या वर्णनात लिहिलं, आई. नग, एक. मग पेन थांबलं. "हा माल आत कधी आला?"

"चार वर्षं झाली."

"नोंद दिसत नाही. जो माल आत आलाच नाही, तो मी बाहेर कसा सोडू? उद्या मला कोणी विचारलं तर?"

मी हात जोडले. त्यावर त्यांनी विचार केला आणि आधी आवक रजिस्टर काढून आईला आजच्या तारखेनं आत घेतलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आई कंपनीत आली. साडेअकराला तिला बाहेर काढायचा पास तयार होत होता. एकच रकाना राहिला होता: परत येणारा माल, की परत न येणारा. दोन चौकोन. त्यांचं पेन सवयीनं दुसऱ्या चौकोनाकडे गेलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"परत येणारा लिहा, साहेब."

"अहो, फोटो तर आहे. परत आणून काय करणार? उगाच माझ्याकडे प्रलंबित दिसत राहील."

"दिसू दे. परत येणारा लिहा."

मला भीती वाटत होती. इतके दिवस मी घरात हसत होतो, डॉक्टरांशी शहाण्यासारखं बोलत होतो, लेबलं चिकटवत होतो, आणि त्या चौकोनापुढे ते जमेना. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. "परत येण्याची तारीख?" मी ऑपरेशन, हॉस्पिटल, महिनाभर विश्रांती, असं बोटांवर मोजलं आणि दसऱ्यानंतरचा सोमवार सांगितला.

गेटवर परभणीवाल्यानं पास वाचला. पेन ड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला. "आईला न्यायलेत?" मग पुन्हा पास वाचला. "परत येणार हाय ना? मंग जाऊ द्या."

चाकणला फ्रेम केली. आईनं ती मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिली. "दातं दिसत्यात," म्हणाली. मग, "ऱ्हाऊं दे. बरी हाय." फ्रेम लुगड्यात गुंडाळून तिनं स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवली आणि मुकाट्यानं हॉस्पिटलला आली.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. चौथा तास चालू असताना कंपनीतून फोन आला. नवीन माणूस होता. "सर, नापासची फाईल सापडंना." मी म्हणालो, "म्हशीच्या पोटावर बघ," आणि शेजारची बाई बाकावर जरा पलीकडे सरकली. थोड्या वेळानं डॉक्टर आले आणि म्हणाले, झडप छान बसली. मी भिंतीला टेकून रडलो, त्या बाईला जी शंका होती ती पक्की झाली असणार.

आई घरी आली. दसरा झाला, तो सोमवार गेला, माझ्या लक्षातही राहिलं नाही. स्टोअरच्या लक्षात होतं. दर सोमवारी मेल यायला लागली, मोठ्या साहेबांना प्रत: परत येणारा माल प्रलंबित. आई, एक नग. तिसऱ्या सोमवारी मी हसत हसत आईला वाचून दाखवली. ती हसली नाही.

"सबूद दिलाय न्हवं तू? मंग जाऊ की."

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, ट्रंकेतली फ्रेम काढली आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसली. गेटवर परभणीवाला उठून उभा राहिला. मी पेन ड्राइव्ह आणि पास पुढे केला. त्यानं पास वाचला, फ्रेम पाहिली, आईकडे पाहिलं.

"व्हिजिटर म्हणून सोडता येत नाही बगा. मोठ्या साहेबांची सही लागती, आन साहेब येणार दुपारी." मी तोंड उघडणार तोच त्यानं हात वर केला. "पण पासावर लिव्हलंय आई, एक नग. परत आलेला माल मी गेटवर अडवला तर माझ्यावर येईल. जावा आत."

अशी आई आमच्या कंपनीत शिरली, माल म्हणून. डिस्पॅचला सगळे उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे न बघता आधी कॉम्प्युटर गाठला आणि स्वतःचा उजवा गाल तपासला. तिथे काही नव्हतं. म्हैस भरलेली होती. मग ती माझ्या टेबलाला वळसा घालून मागे गेली आणि चप्पल काढून फरशीवर उभी राहिली.

"न्हाई, हितं न्हाई," ती म्हणाली आणि चार पावलं पलीकडे सरकली. "हितं व्हती हिर."

स्टोअरवाले रजिस्टर घेऊन तिथेच आले. माल परत, संख्या एक, असं त्यांनी लिहिलं. पुढचा रकाना होता मालाची स्थिती. नियमाप्रमाणे तपासून लिहायची असते. त्यांनी चष्मा पुसला, आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लिहिलं: चांगली. मला सही करायला सांगितली. मी दोनदा चुकलो.

"काय लिव्हलं?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"मंग आता भायेर जायाला परत पास लागंल का?"

"लागेल ना," स्टोअरवाले म्हणाले. त्यांनी पासाचं बुक काढलं, वर्णन लिहिलं, नग लिहिला, आणि दोन चौकोनांपाशी आले. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. पहिल्या चौकोनात खूण केली, आणि तारखेची जागा मोकळी सोडून पास आईच्या हातात दिला.