तारेवरचे परकर

विहीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं, "अण्णा, सून हितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. तिच्याकडं बघणार कोण?"

मला ते लागलं. पहिलं बाळंतपण माहेरात करायचं, ही आमच्यातली रीत. बायको जाऊन दीड वर्ष झालं म्हणून काय माहेर बंद पडलं? मी म्हटलं, "आई मेली, बाप जिता हाय." जावई बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला. तो खाली मान घालून बसला. सातवा लागल्या लागल्या ओटी भरली आणि लेकीला बिदरहून आमच्या गावी, निंबर्ग्याकडं घेऊन आलो. तिला माझ्या हट्टानं आणलं, दुसऱ्या कुणाच्या न्हाई.

तिला मी काम करू देत नव्हतो. भाकरी मीच थापायचो. ती म्हणायची, "अप्पा, ही खायची हाय का कुणाला फेकून मारायची?" मी म्हणायचो, "गप खा." घरात पुन्हा कुणी हसायलंय, एवढ्यावर मी खूश होतो.

आठवड्यानं एका सकाळी अंगणातल्या तारेवर तिचे तीन परकर दिसले. नळाला दोन दिवसाआड पाणी येतं आमच्याकडं. मी म्हटलं, "कामून एवढं धुवायलीस?"

"घाम येतोय अप्पा."

दुसऱ्या दिवशी पाच. मग मी ओरडलोच. "नळ काय तुझ्या सासऱ्यानं बसवलाय? एक परकर दोन दिवस घातला तर मरशील काय?" तिसऱ्या दिवशी तार रिकामी होती. मला वाटलं, ऐकलं पोरीनं. परकर ती गोठ्यामागं वाळत घालत होती.

त्याच दिवशी गावातली आशाताई गोळ्या द्यायला आली. गोठ्याकडून आली म्हणून तिला दिसलं. ती आत गेली, लेकीशी हळू बोलली आणि मला हाक मारली. मी पिठाच्या हातानं दारात उभा.

"अप्पा, पाणमोट फुटलीया हिची. परवापासनं पाणी जायलंय."

लेक भिंतीकडं तोंड करून होती. आशाताई तिला म्हणाली, "घरात बाप हाय, सांगायचं न्हाई व्हय?"

"अप्पांना कसं सांगू?"

गाडी आली, गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, पाणी कधीपासून जातंय, रंग कसा, वास येतो का. मला काय ठाऊक? मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तीन परकर, दुसऱ्या दिवशी पाच." त्यांनी तेच लिहून घेतलं.

मग त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. पाणी गेलंय, पण बाळ अजून तयार नाही, पोटात जेवढं राहील तेवढं बरं. त्याच्या फुफ्फुसाला बळ यायला चार सुया द्यायच्या, बारा-बारा तासांनी. आत जंतू चढू नयेत म्हणून औषध चालू. पण आईला ताप आला तर थांबता येणार नाही, नाहीतर दोघंही जातील. तोवर निजून राहायचं आणि वाट बघायची.

पुरुषाला आत सोडत नव्हते. मी जिन्याजवळ बसून राहिलो. नर्स आली की विचारायचो, "ताप?" ती मानेनं नाही म्हणायची. दोन सुया झाल्या. तिसरीच्या आधी ती आली ती थांबलीच नाही, डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाली.

मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली. मला एकदा दाखवली. पायाला बांधलेली पट्टी पायापेक्षा रुंद होती. लेक वाटीत दूध काढून द्यायची, नर्स ते नळीनं थेंब थेंब पाजायची. चौथ्या दिवशी नर्सनं वाटी तशीच भरलेली परत आणली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दोन दिवस आधी आणली असती तर?"

"चारी सुया बसल्या असत्या," त्या म्हणाल्या. "जगली असती असं मी म्हणत नाही."

आमच्यात पुरतात. शेतात बायकोच्या पायाशी मीच खड्डा खणला. बायकोला सांगायला तोंड नव्हतं. ती असती तर पहिलाच परकर बघून उठली असती. लोक येऊन म्हणाले, देवाची मर्जी. देवानं परकर मोजले नव्हते, मी मोजले.

आता लेक पुन्हा पोटुशी आहे. एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती बिदरलाच आहे, मी आणायचं नाव काढलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी लेकीला फोन लावतो.

"अव्वा, कोरडी हाईस का?"

मागून विहीणबाईंचा आवाज येतो, "काय इचारायलेत हे! बापाला लाज न्हाई व्हय!"

"कोरडी हाय अप्पा."

काल तिला सातवा लागला. म्हणाली, "अप्पा, रोज नका इचारू. काही झालं तर मीच सांगीन की."

मी म्हटलं, "मला सांगशील?"

मी फोन कानाला धरून बराच वेळ थांबलो. आज सकाळी पुन्हा विचारलं.