व्हर्लिनची भिंत

आमच्या कॅरोलिनात शर्यतीच्या गाडीला पेट्रोलच्या नळ्या बसवाव्यात तर व्हर्लिननेच. पण माणूस महाखवचट. नळीवर आधी नट चढवायचा आणि मगच तिचं तोंड रुंद फुलवायचं. उलटं केलं की फुललेल्या तोंडावरून नट चढत नाही, नळी वाया. जो विसरेल त्याची नळी हा नावानिशी भिंतीवर टांगायचा. सगळ्यात जास्त माझ्याच होत्या.

शनिवारी त्याने माझ्या गाडीची नळी झकास वाकवली, दोन्ही तोंडं फुलवली आणि ऐटीत वर धरली. तेवढ्यात त्याची बायको लोरेटा कॉफी घेऊन आली.

"टेबलावरचे नट शोभेला ठेवलेस का रे?"

व्हर्लिनने गुपचूप नळी भिंतीवर टांगली आणि खाली माझं नाव लिहिलं.

"अरे, मी हातसुद्धा लावला नाही."

"कधीतरी विसरशीलच ना," तो म्हणाला. "तेव्हा टांगायला मला सवड नसेल."