नलूची पाहुणी

दुपारच्या पंगतीची वेळ होती. शहापुरात माझी छोटी खानावळ आहे, आणि त्या वेळेला तिथं मान वर करायलाही फुरसत नसते. भाताचं पातेलं उतरवत होते तेवढ्यात फोन वाजला आणि नाव दिसलं मधुभाऊंचं. मी चरकलेच. माझ्या मैत्रिणीच्या, नलूच्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात मला कधी फोन केला नव्हता. त्यांच्या घरी गेलं की ‘या’ म्हणायचे, निघताना मान हलवायचे, मधलं जे काय बोलायचं ते सगळं नलू बोलायची. फोन कानाला लावला तर पलीकडे नुसता श्वास... आणि मग, “नलू गेली, ताय. आत्ता. चा पिताना.” मी काहीबाही विचारत राहिले, पण फोन कधीच बंद झाला होता. दिवाळी नुकती उलटली होती. आदल्याच आठवड्यात ही बया मुरबाडहून एसटीनं येऊन माझ्याशी कडाकडा भांडून गेली होती. म्हसा गावच्या जत्रेला आमच्या मैत्री क्लबाची जर्मनीची मंडळी येणार होती आणि मी माझ्या घरी एकच पाहुणी घेणार म्हटलं होतं. “एवढी पानं वाढतेस रोज, न् दोन माणसं जड झाली व्हय गो तुला?” मी म्हटलं, घेते बाई दोघी, पण आता तोंड बंद कर. खुदकन हसली, पिशवी उचलली आणि स्टँडकडे सुटली. तेच शेवटचं.

नलू मुरबाडला शिवणक्लास चालवायची. आमच्या भागातल्या निम्म्या मुलींना तिनं ब्लाउज बेतायला शिकवलं असेल. कधीतरी कुठल्याशा मासिकात तिनं वाचलं की असे मैत्री क्लब असतात, इकडची माणसं तिकडे जाऊन त्यांच्या घरात राहतात, तिकडची इकडे येऊन आपल्या घरात. झालं! बाईच्या डोक्यात भुंगा शिरला. शहापूर, वाशिंद, मुरबाड, जिथं जिथं तिच्या ओळखी होत्या तिथं तिथं जाऊन तिनं घरं गोळा केली. लोक हसले. आमच्याकडे काय आहे बघण्यासारखं? ताजमहाल आहे का? लोकांनी सिद्धगड सुचवला, धरणं सुचवली. नलू म्हणाली, “डोंगर बघतीलच ते. पण आपण हाव ना बघायला!” हे ती असं काही ठासून म्हणायची की समोरचा माणूस नकळत आपल्या शर्टाची बटणं नीट लावायचा.

पहिली तुकडी यायची ठरली आणि आमच्या अंगात आलं. पाहुण्यांसाठी घर आवरता आवरता आम्ही घरातलं घरच बाहेर काढून ठेवलं. मी भाड्यानं सोफा आणला, त्याचं प्लॅस्टिकही काढलं नाही, मळेल म्हणून. खुंटीवरचे कपडे गेले, पाटावरवंटा माळ्यावर गेला, आणि पुढच्या खोलीतली खाट लागणार म्हणून सासूबाईंना गोड बोलून नणंदेकडे धाडलं. त्या रात्रंदिवस खोकायच्या, मिश्री लावायच्या, नऊवारीचा ओचा वर खोचून अंगणात बसायच्या. परदेशी मुलीसमोर कसं दिसेल ते! नलू तपासणीला आली, सोफ्यावर टेकलीसुद्धा नाही. “म्हातारी कुठाय?” मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. तशी ती उसळलीच. “सोफा बघाय येतंय का कुणी एवढ्या लांबून? सोफे तिकडं ढिगानं हायेत. असली सासू नाय मिळत तिकडं!” आणि तशीच रिक्षा करून गेली आणि सासूबाईंना त्यांच्या मिश्रीच्या डबीसकट परत घेऊन आली. माझ्याकडे आलेली पाहुणी एक लाजरी पोरगी होती. आठवडाभर ती आणि सासूबाई मोड आलेले वाल सोलत ओटीवर बसून असायच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी अखंड बोलायच्या. सोफ्यावर मांजर झोपायचं.

त्याच तुकडीत हेल्गा आली, नलूच्या घरी. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, दारातून वाकून आत यावं लागेल एवढी उंच, आणि हसली की शेजारच्या कोंबड्या उडाव्यात असलं हसणं. नलूचं आणि तिचं पहिल्याच दिवशी जमलं. नलूचा नियम होता, पाहुणा एक दिवस पाहुणा. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात काम द्यायचं. हेल्गाला तिनं काजं-बटणं करायला बसवलं. मधुभाऊ मात्र कुणी परदेशी घरात आलं की शेताकडे निघायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. नलू चिडवायची, “आमच्या ह्यांना वाटतं, गोरी मानसं चावतात.” मग आम्ही उलट भेटीला जर्मनीला निघालो तेव्हा भाऊंना तिनं किती आग्रह केला... पण नाहीच. गुरं कोण बघणार, हे एकच उत्तर.

जर्मनीची गोष्ट सांगितल्याशिवाय नलू कळायची नाही. सोबत खायला काही घ्यायचं नाही, अशी तिनं सगळ्यांना ताकीद दिली होती. मी तरी लसणीची चटणी आणि मेतकूट कपड्यांत गुंडाळून नेलंच. हेल्गाच्या घरी आम्ही दोघी. पहिल्या संध्याकाळी टेबलावर आलं काय? गार पाव, चीज, गार मटणाच्या पातळ चकत्या, काकड्या. चूल पेटलीच नाही! मी हबकले. आपल्याकडे दाराशी आलेल्यालासुद्धा गरम घास घालतात, आणि आम्ही एवढ्या लांबून आलेल्या, आमच्यापुढे शिळंपाकं? मी पावाचा कोपरा कुरतडत बसले. खोलीत आल्यावर नलूला म्हटलं, उद्यापासून स्वयंपाकघर मी हातात घेते, दाखवते हिला जेवण म्हणजे काय असतं. नलू अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, “काय एक करू नकोस. तुझ्या घरात तू राणी. हितं पावनी हायेस. देताना तुझा हात लय मोठा असतो गो, मग घेताना का आखडतोस? ती देतेय ते घे की पोटभर.” मी फुरंगटून कूस बदलली. दुसऱ्या संध्याकाळी जेवताना हेल्गानंच आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि त्या दिवशी जेवायला आलेल्या वाशिंदच्या रश्मीनं, आमच्या क्लबाची इंग्रजी तीच सांभाळते, तिनं मराठीत समजावलं. संध्याकाळचं जेवण गार ठेवायचं, कारण मग घरची बाई चुलीपाशी उभी राहत नाही, सगळ्यांबरोबर बसते. अगं बाई! माझं अख्खं आयुष्य वाढण्यात गेलं, पण माझ्याच घरच्या पहिल्या पंगतीत मी कधी बसले होते, आठवेना. त्या दिवशी मी तीन पाव खाल्ले. चटणी मात्र बाहेर काढलीच, आणि हेल्गा ती पावावर थापून खाऊ लागली तेव्हा नलूनं माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

नलू गेल्यावर दिवसपाणी झालं, पुण्याची तिची मुलगी काही आठवडे राहून परत गेली, आणि आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला. पाहुण्यांची तिकिटं कधीच काढून झालेली. क्लबाची बैठक भरली. रश्मी पोर गुणी आहे, मनानं तर फारच चांगली, ती म्हणाली, ह्या वेळेपुरतं सगळ्यांना हायवेच्या रिसॉर्टात ठेवू. दुःखाचं घर आहे, मधुभाऊ एकटे, त्यांच्यावर कुठे भार टाकायचा? सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण घरी येताना ते मला पटेना. नलूनं इतकी वर्षं एकाच गोष्टीसाठी आमच्याशी भांडणं केली होती, की माणसाला माणसाच्या घरात उतरवायचं. एकदा का रिसॉर्टाची सोय कळली, की पुढच्या वेळी एकीचं पोर बारावीला असणार, दुसरीचं घर रंगवायला काढलेलं असणार. दोन वर्षांत क्लबाची टूर कंपनी झाली असती. नलूपाठोपाठ तिचा क्लबही जाणार, हे मला समोर दिसत होतं, आणि तरी भाऊंपुढे उभं राहून काही मागायची माझी छाती होत नव्हती.

रिसॉर्टाचं भाऊंना सांगायचं काम माझ्यावरच आलं. गेले मुरबाडला. ओटीवर बसून, शब्द जपून वापरत सांगितलं, की हेल्गा येतेय, भेटायला येईल तुम्हाला, पण उतरेल रिसॉर्टात, तुम्हाला त्रास नको. तर जो माणूस कधी आवाज चढवत नाही तो उभा राहून कडाडला, “नलूची पावनी रिसॉर्टात? का? मी मेलोय काय?” मी उठायला गेले तर आणखी चिडले. “सगळ्यांनी बसून ठरवलंत, मला कुणी इचारलं? त्या बाईची खोली झाडून ठेवलीय मी. ती हितंच उतरायची.” आत जाऊन पाहिलं तर खरंच, खाटेवर धुतलेली चादर, खिडकीत पाण्याचा तांब्या, नलूचं मशीन पुसून एका कडेला सरकवलेलं. मी तिथूनच रश्मीला फोन लावला आणि रिसॉर्ट रद्द करायला सांगितलं. बाकीच्यांनीही मग कुरकुर न करता आपापल्या खाटा मोकळ्या केल्या. भाऊ जर पाहुणा घेतात, तर बाकीचे कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

हेल्गा आली. दारात वाकून आत शिरली आणि भाऊंचे दोन्ही हात हातात घेऊन रडली. भाऊंनी हात सोडवून घेतले नाहीत. गाव काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, कसली पर्वा केली नाही त्यांनी. मी रोज दोघांचा डबा पाठवायची व्यवस्था केली, तर तिसऱ्या दिवशी डबा जसाच्या तसा परत! तरातरा गेले बघायला. भाऊंनी भात रांधला होता, करपलेला, आणि सुकटीची चटणी. हेल्गा पाटावर बसून कांदा चिरत होती, दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोघं आपापल्या भाषेत त्या कांद्याला शिव्या देत होते. मला म्हणाले, “ताय, डबा नको. दुसऱ्या दिवसापासून काम द्यायचं असतं.” म्हशाच्या जत्रेत तर कमालच. बैलांच्या बाजारात हा अबोल माणूस पुढे, हेल्गा मागे. बैलाचे दात कसे बघायचे, खांदा कसा बघायचा, सगळं खणखणीत मराठीत समजावणं चाललेलं. तिला थंडी वाजते म्हणून तिथंच एक घोंगडी घेऊन दिली. निघायच्या दिवशी रश्मीला म्हणाले, “तिला सांग, पुढच्या टायमाला मी येतो तिकडं. गुरांचं बघू काय ते.” नलू असती तर आनंदानं तिथंच फुगडी घातली असती!

नलूची एक खोड सांगायची राहिली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, ही रीत आपल्या सगळ्यांकडे आहे. आपण घटकाभर थांबतो आणि झाडू मारतो. नलू मात्र पाहुणा त्याच्या घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावू द्यायची नाही. जर्मनीचा पाहुणा म्हणजे दुसरा दिवस उजाडायचा. तोवर घरात कापडाच्या चिंध्या, दोऱ्याचे तुकडे, पायांची धूळ, सगळं तसंच. मी तिला घाण म्हणून खूप चिडवलं आहे. हेल्गाची गाडी वळणाआड गेली आणि मी आत येऊन सवयीनं केरसुणी उचलली. “ठेवा ती,” भाऊ म्हणाले. मी म्हटलं, अहो, किती पसारा झालाय. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. “नलूला पोचवून आलो तवा लादी ओली होती,” ते म्हणाले. “तुमी बायांनी सगळं घर धुऊन काढलं होतं. रीतच हाय ती, मी काय बोलणार... पण तिच्या पायाची धूळ होती ओ घरात. तिला पोचू तरी द्यायचं.”

मी केरसुणी ठेवली आणि तिथंच ओटीवर बसून पोटभर रडले. दिवसपाण्याच्या गडबडीत मला रडूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेले. घरातला एक कण हलला नव्हता, खाटेवरची चादरही चुरगळलेली तशीच. दुपारी हेल्गाचा फोन आला. भाऊंनी तो उभं राहून घेतला, “पोचलीस? बरं झालं बाय, बरं झालं,” असं दोनदा म्हणाले, पलीकडून ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि हसली, तेवढं मलाही ऐकू आलं. फोन ठेवून त्यांनी केरसुणी घेतली. मी हात पुढे केला.

“बसा ओ ताय,” ते म्हणाले. “आता पोचल्या दोघी.” आणि आतल्या खोलीपासून सुरुवात करून, वाकून, सावकाश, ते घर झाडू लागले.