डाव्या सीटवरचं वजन

जे वजनकाट्यावर चढत नाही ते नाहीच, असं मी वर्गात शिकवतो. पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल हा माझा विषय. भूतखेत, नजर, करणी... घरात कुणी असलं काही काढलं की मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचो. पण जे घडलं ते काट्यावर चढलं, आणि आकडा मी स्वतः वाचला. म्हणून लिहितोय.

आम्ही तंजावूरचे, राजवाड्यामागच्या गल्लीतले मराठी. देवनागरी मी पुण्यात नोकरीला असताना शिकलो, तेव्हा चुका पोटात घाला.

माझा धाकटा भाऊ प्रताप जवळच्या ओरत्तनाडूला सरकारी नोकरीत होता. लग्नाचं नाव काढू द्यायचा नाही, पण गाड्यांचं वेड भारी. कोइमतूरहून त्याने एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली आणि हट्ट धरला, की ती रस्त्याला चिकटेल इतकी खाली बसवायची. आमच्याकडे रस्त्यावर भात वाळत घालतात, कालव्याकाठी मोपेडसुद्धा जपून न्यावी लागते... पण ऐकेल तो प्रताप कसला! शेवटी सस्पेन्शनची निवड मी माझ्याकडे घेतली. रेसिंगचे कडक कॉइलओव्हर नको म्हटलं, मध्यम घेतले. स्प्रिंग आणि शॉक एकत्र, खालचे आटे फिरवले की त्या कोपऱ्याची उंची बदलते. पुढची चाकं वरून किंचित आत झुकलेली ठेवली, टो, म्हणजे चाकांच्या तोंडाचा आत-बाहेर कल, जवळजवळ शून्य. भाऊ धडधाकट घरी यावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ओळखीचा मेकॅनिक सेल्वम, त्याच्या वर्कशॉपमध्ये चार चाकांखाली चार काटे ठेवले. असं सेटिंग करताना ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवतात. आम्ही आमच्याच शेतातल्या तांदळाचं पोतं प्रतापच्या वजनाचं भरून ठेवलं. गाडी छान समतोल बसली.

दुपारी प्रताप आला. पोतं काढून स्वतः बसला – आणि डावी बाजू खाली गेली.

तो उतरला की वर यायची. मी बसलो, सेल्वम बसला, काही फरक नाही. प्रताप बसला की मात्र डाव्या सीटवर कुणी बारीक चणीचं माणूस बसावं तेवढं वजन वाढायचं. काटे बदलले, स्प्रिंग इकडच्या तिकडे केल्या. तेच. सेल्वमने पाना खाली ठेवला. "सार, उळ्ळे आळ् इरुक्कु," तो म्हणाला. आत माणूस आहे, म्हणे! मी त्याला झापलं.

प्रताप हसला नाही. "राहूं दे अण्णा. मज ठाऊक हे," म्हणाला. मग त्याने सांगितलं, की गाडी आधी एका मुलीची होती. ती वारली, म्हणून वडिलांनी विकली.

"आधी का नाही बोललास?"

"तूं हसला असतास."

मला ते पटलं नाही, पण काटा दाखवतो ते दुरुस्त करायचं एवढं मला कळतं. प्रतापला बसवून डावीकडचे आटे फिरवले आणि गाडी समतोल केली. मोकळ्या मैदानात प्रतापने जोरात ब्रेक मारून पाहिले. गाडी अगदी नाकासमोर थांबली. त्यानंतर तो रोज तीच गाडी घेऊन कामाला जायचा. एकटाच बोलत जातो, असं गल्लीतले सांगत. मला वाटायचं, फोनवर असेल.

एका सकाळी कालव्याच्या रस्त्यावर पुढे भात पसरलेलं दिसलं म्हणून त्याने ब्रेक मारला, असं शेतातल्या बायकांनी पाहिलं. गाडी डावीकडे ओढली गेली आणि कालव्यात पडली. कावेरीचं पाणी सुटलेलं होतं. माझा भाऊ बाहेर आला नाही.

आता माझं शास्त्र ऐका. डाव्या सीटवर वजन असेल तर त्या सेटिंगवर गाडी सरळ थांबते. आम्ही पाहिलं होतं. नसेल तर आटे फिरवून उचललेल्या पुढच्या डाव्या चाकावर जास्त भार येतो आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. ती डावीकडेच ओढली गेली. म्हणजे त्या सकाळी तिथे कुणी नव्हतं. जिच्यावर माझा विश्वास नाही, तिच्यावर मी रात्रंदिवस चिडून असतो – त्याला एकटं सोडून तू गेलीस कुठे?

तेरावं झाल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेलो. गाडी पाण्यातून काढून तिथेच ठेवली होती. पुढचा डावा कोपरा वाकलेला, तो नवा बसवला. डावीकडचे आटे पहिल्यासारखे केले, चार काटे लावले, तेच पोतं सीटवर ठेवलं. समतोल. मग पोतं काढून मी बसलो.

डावी बाजू खाली गेली. मी बसल्या जागेवरून वाकून आकडे वाचले, ताडून पाहिले. या वेळी वजन बारीक मुलीचं नव्हतं. त्या पोत्याएवढं होतं.

सीट ओली असेल म्हणावं, तर मी उठलो की वजन जातं. काटेही बदलून पाहिले. याचं उत्तर शोधायची आता इच्छा उरलेली नाही.

बायको म्हणते, गाडी विकून टाका. मी विकत नाही. डावीकडचे आटेही फिरवत नाही. रविवारी जातो, बंद गाडीत उजवीकडे बसतो, डावी बाजू हळूच खाली जाते. तसाच बसून राहतो. आयुष्यभर गाड्या समतोल करायला शिकवल्या, आणि आता दर रविवारी दार उघडताना मनात येतं... आज गाडी सरळ राहिली तर?